ट्रॅक्टरची वेसण

वारंगा फाट्यापासून कळमनुरीपर्यंत 'हा गाडी फार पळवतो' असं ज्याच्याबद्दल कुणी स्वप्नातही बोललं नसतं, असा एकच ड्रायव्हर होता, आणि तो आमचा सटवाजी. त्याच्यावरच तो आळ आला. आला तरी कशाला म्हणू, मीच घेतला. मी म्हणजे नरसिंग, किशनरावांचा धाकटा भाऊ. नांदेडला राहून बी.ए. झालेला आणि इंग्रजी कागद वाचता येणारा गावात मी एकटा, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. ही हकिगत सटवाजीची आहे, पण तिच्यात माझं तोंड काळं झालेलं आहे आणि ते लपवून ती सांगता येत नाही.

सटवाजी आमच्याकडे यायच्या आधी नऊ वर्षं बांधकाम खात्याच्या रोड रोलरवर होता. हिंगोली-नांदेड रस्त्याचा कितीतरी भाग त्याच्या रोलरखाली दाबून बसलेला. रोलरची चाल ती काय असणार. शेतात भाकरी घेऊन निघालेल्या बायका त्याच्या पुढे निघून जायच्या, माणसांना जेवू घालून, येताना गवताचा भारा कापून परत यायच्या, तरी सटवाजी त्याच बाभळीच्या आगेमागे असायचा. फाट्यावरच्या ट्रकवाल्यांनी त्याचं नाव 'रोलर सटवाजी' पाडलं. त्याला त्याचं काही वाटत नसे. "रस्ता म्या केला, पळा तुमी," एवढंच तो म्हणायचा.

रस्त्याचं काम संपलं तसं खात्याने त्याला रोजंदारीवरून कमी केलं. घरी बायको पंचफुला, तीन लेकरं, आणि शेत नाही. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती, तिथे त्याचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खुंटीला खात्याचा खाकी कोट, जो त्याने खात्याला परत केलाच नव्हता. थंडीत आमच्या ट्रॅक्टरवर तो तोच कोट घालून बसायचा.

ट्रॅक्टर आम्ही चौऱ्याहत्तरच्या पाडव्याला घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं होणार नाही. आमच्या गावात तो पहिलाच. ड्रायव्हर म्हणून फाट्यावरची चार-पाच जवान पोरं येऊन गेली. एक म्हणाला, भरलेली ट्रॉली घेऊन नांदेडहून दीड तासात येतो. किशनदादाने सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि सटवाजीला बोलावणं धाडलं. मी म्हणालो, दादा, त्याच्या हातात ट्रॅक्टर दिला तर पेरणी दिवाळीत होईल. दादा म्हणाला, "मला पोचवनारा पायजे, उडवनारा नको." दादा कमी बोलायचा आणि बोलला की विषय संपायचा, हे माझ्यासारख्याला फार जाचायचं.

सटवाजी रुजू झाला. ओसरीवर यायचा, पायरीवर बसायचा. घरात त्याचा कप वेगळा होता, कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. चहा झाला की तो स्वतः विसळून परत तिथेच ठेवायचा. हे बरोबर नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी काही बोललो नाही, हेही खरं आहे.

ट्रॅक्टर द्यायला आलेल्या माणसाने आम्हाला इंग्रजी पुस्तक दिलं आणि डिझेल पंपाच्या अंगाला ओवलेली एक बारीक तार दाखवली. पिळलेली तार, आणि तिच्या टोकाला हरभऱ्याएवढा शिशाचा मणी, त्यावर नंबर ठोकलेला. हे सील. एका स्क्रूच्या डोक्यातून ती तार गेलेली होती. तो स्क्रू फिरवला की इंजिन ठरल्यापेक्षा जास्त पळायला लागतं, आणि तार तोडल्याशिवाय तो फिरत नाही. एक वर्षाची गॅरंटी, पण सील तुटलं की कंपनी हात वर करणार, असं त्याने बजावलं. फाट्यावरच्या निम्म्या ट्रॅक्टरांची ही तार पहिल्याच महिन्यात तुटलेली असायची. ट्रॉलीला वेग मिळतो म्हणून ड्रायव्हरच ती तोडायचे, आणि इंजिन बसलं की मालकाकडे भोळं तोंड करून बघायचे. मला हे ठाऊक होतं, आणि पुढे नेमकं तेच माझ्या डोक्यात चढलं.

आमची आई जनकाबाई तेव्हा साठीची असेल. तिला ट्रॅक्टरची भीती वाटत नसे, उलट नव्या सुनेसारखं त्याच्याकडे सारखं लक्ष. एके दिवशी तिने सटवाजीला विचारलं, "ही तार कशापायी रे बांधली?"

सटवाजीला असं कुणी विचारलं की तो खुलायचा. रोलरवर नऊ वर्षं एकट्याने काढलेली, बोलायला कोण होतं. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाला, "माय, आत दोन वजनं फिरून राहिलेत. इंजिन लई पळाय लागलं की ती वजनं बाहीर फाकतात, अन् डिझेलचा हात मागं ओढतात. मंग ते आपसूक हळू होतं. त्याला गव्हर्नर म्हनतात. अन् त्याला कुनी हात लावू नये म्हनून ही तार. बैलाला वेसण असती ना, तसं समजा. वेसण हाय तवर उधळत न्हाई."

"मंग चांगलं हाय," माय म्हणाली, आणि तिने ते पक्कं मनात ठेवलं.

सटवाजीचं ट्रॅक्टर चालवणं बघण्यासारखं होतं. समोरच्या काट्याकडे तो क्वचित बघायचा. "इंजिन बोलत असतं तवर ठीक. वरडाय लागलं की समजावं, आपून चुकून राहिलो," असं त्याचं म्हणणं. काळ्या रानात नांगर खोल गेला की आवाज जड व्हायचा, आणि तो लिव्हर एक बोटभर सरकवायचा, जास्त नाही. संध्याकाळी ट्रॅक्टर लिंबाखाली उभा केला की लगेच बंद करत नसे. मिनिट-दोन मिनिटं तसाच सावकाश चालू ठेवायचा, बॉनेटवर तळहात टेकून ऐकत उभा राहायचा, मग बंद. मला तो डिझेलचा नास वाटायचा. मी एकदा तसं बोललोही. तो म्हणाला, "धावून आलेल्या मानसाला लगेच निजवत न्हाईत, नरसिंगभाऊ." पेरणी वेळेवर झाली, दिवाळीला नाही, आणि मला गप्प बसावं लागलं.

मग पोळा आला. आमच्याकडे ट्रॅक्टर असला तरी दोन बैलजोड्या होत्याच. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. मायने वाटीत तूप-हळद घेऊन बैलांचे खांदे चोळले आणि दर वर्षीसारखं आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." चौथा बैल झाला तशी ती तीच वाटी घेऊन लिंबाखाली गेली आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटला तूप लावायला लागली. सटवाजी हे असलं काही करत नसे. त्याच्या सुट्ट्या वर्षात दोनच, एक चौदा एप्रिल आणि दुसरी दसऱ्याच्या दिवशी. पण तो मायच्या मागे वाटी धरून उभा राहिला. "माय, पाईपाला नका लावू, भाजंल," एवढंच म्हणाला. मायने ट्रॅक्टरलाही आवतण दिलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी सटवाजीने ट्रॅक्टर ओढ्यावर धुऊन आणला, लिंबाखाली लावला आणि घरी गेला. त्या दिवशी औताला हात लावायचा नसतो. इकडे मायने बैलांना सगळं नवं केलं. नवी म्होरकी, नवा कासरा, नवी वेसण. अंबाडीच्या वेसणी ती स्वतः वळायची, लाल-पिवळ्या रंगवायची. जुनी वेसण उकिरड्यावर टाकायची नाही, गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवायची, ही आमच्या घरची रीत. त्या सकाळी आणखीही एक गोष्ट झाली. ती एकट्या मायला ठाऊक होती, आणि दुसऱ्या दिवशी सटवाजीच्या लक्षात आली. मला कळायला दिवाळी उलटावी लागली, म्हणून मीही ती तिच्या जागीच सांगणार. पोळ्यानंतर ट्रॅक्टरच्या डाव्या दिव्याला एक लाल-पिवळी वेसण बांधलेली दिसली, इतकंच. मला वाटलं, मायची हौस.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. हरभऱ्याचं रान तयार करायचं काम चाललं होतं. मी बांधावर होतो. एकाएकी ट्रॅक्टर थांबला. बंदच झाला. मी धावत गेलो तर सटवाजी खाली उतरून इंजिनाला कान लावून उभा. "आतून टकटक आली," तो म्हणाला. "तेलाचा काटा बराबर व्हता. तरी बी आली. आता चालू करू नका, कंपनीच्या मानसाला बोलवा."

मी म्हणालो, एकदा चालू करून तर बघ. तो इंजिन चालू करायच्या हँडलसमोर आडवा उभा राहिला. "न्हाई," म्हणाला. मालकाच्या भावाला सालदार ड्रायव्हर 'न्हाई' म्हणतो, याचाच मला पहिला राग आला. इंजिनाचं काय झालं हा विचार मग आला. बैलांनी ओढून ट्रॅक्टर घरी आणला. सारं गाव बघत होतं.

चौथ्या दिवशी नांदेडहून राठोड साहेब मोटारसायकलवर आले. वसराम राठोड, तांड्यावरचा मुलगा, शिकून विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर झालेला. जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलताना आधी मान हलवायची सवय. त्यांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. थेट डिझेल पंपाशी वाकले, बोटाने चाचपलं आणि उभे राहिले.

"सील कुठंय?" त्यांनी विचारलं.

स्क्रूच्या डोक्यातलं भोक रिकामं होतं. मी ते बघितलं आणि माझ्या डोळ्यांसमोर फाट्यावरचे सगळे ड्रायव्हर उभे राहिले. राठोड साहेब म्हणाले, "सील नाही, मग गॅरंटी नाही. वेग वाढवला असणार, इंजिन बसलं. माझ्या हातात काही नाही, किशनराव."

मी सटवाजीकडे वळलो. "तार कुणी तोडली?"

तो बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

"तुला ठाऊक होतं का नाही, तार तुटल्याचं?"

"व्हय," तो म्हणाला. "ठावं व्हतं."

झालं. मला आणखी काही ऐकायचंच नव्हतं. मी घरात गेलो, पेन-कागद आणला आणि ओसरीवर बसून कंपनीला इंग्रजीत अर्ज लिहिला. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर सटवाजी याने मालकाच्या परस्पर सील तोडून इंजिन मर्यादेबाहेर पळवलं, यात मालकाचा दोष नाही, तरी गॅरंटी मान्य व्हावी. कागद भरायला दहा मिनिटं लागली असतील. दादा म्हणाला, नरसिंग, सबुरीनं घे. मी कुठला ऐकतोय. मी तो कागद राठोड साहेबांच्या हातात दिला.

सटवाजी पायरीशी उभा होता. "त्यात माझं नाव हाय का?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. त्याच्यासाठी ते काय होतं हे तेव्हाही मला कळलं असतं, कळून घ्यायचं असतं तर. फाट्यापासून हिंगोलीपर्यंत 'कंपनीच्या कागदावर नाव चढलेला ड्रायव्हर' ही गोष्ट दोन दिवसांत पसरली असती, आणि मग कुणीही त्याच्या हाती स्टिअरिंग दिलं नसतं. रोलर गेला होता, शेत नव्हतं. त्याच्याजवळ होतं ते एवढंच, की हा माणूस इंजिन जपतो.

तो राठोड साहेबांसमोर गेला आणि म्हणाला, "साहेब, इंजिन खोला. मानूस खोटं बोलंल, इंजिन बोलत न्हाई. पळवलं असंल तर आत दिसंल."

"गॅरंटीत नाही, तर खोलायचं कुणी?" साहेब म्हणाले.

"म्या खोलतो. तुमी नुसतं बघा."

राठोड साहेबांनी मान हलवली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, बरं. माणूस चांगला होता. ते रात्री आमच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर लिंबाखाली पोतं अंथरून सटवाजी बसला. अर्ध्या तासाने साहेबांनीही शर्टाच्या बाह्या सरसावल्या, कारण नुसतं बघत राहणं त्यांनाही जमेना. गावातली वीस-पंचवीस माणसं भोवती. माय ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली. मी येरझाऱ्या घालत होतो आणि पुस्तकातला गॅरंटीचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होतो, जणू वाचून तो बदलणार होता.

इंजिनाचं वरचं झाकण, हेड, निघालं. राठोड साहेबांनी एकेका पिस्टनचं तोंड फडक्याने पुसून बघितलं. इंजिन फार पळालं की व्हॉल्व्ह वेळेवर वर जात नाहीत, पिस्टन त्यांना येऊन धडकतो आणि चंद्रकोरीसारखी खूण पडते, असं त्यांनी मला समजावलं. चारही पिस्टन साफ. मग व्हॉल्व्ह उचलणाऱ्या सळया काढल्या, काचेवर ठेवून लोळवल्या. आठही सरळ. साहेबांनी त्या पुन्हा एकदा लोळवून बघितल्या. खालचं तेलाचं भांडं काढलं. तीन बेअरिंगं आरशासारखी, आणि तिसऱ्या नंबरचं काळं पडून जळालेलं. सटवाजीने क्रँकच्या, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याच्या, तेल जायच्या भोकात बारीक तार घातली. तार अडली. त्याने हळूहळू टोकरलं आणि तळहातावर काहीतरी घेतलं. वाळू. कारखान्यात ओतकामाच्या साच्याची वाळू आत राहून गेली होती, आणि ती सरकून तेलाची वाट बंद झाली होती.

"हे कारखान्याचं पाप आहे," राठोड साहेब म्हणाले. "ड्रायव्हरचा काही संबंध नाही. उलट याने लगेच बंद केलं म्हणून क्रँक वाचला. आणखी पाच मिनिटं चाललं असतं, तर इंजिन फेकून द्यावं लागलं असतं."

हँडलसमोर आडवा उभा राहिलेला सटवाजी मला आठवला. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"पण सील," साहेब पुढे म्हणाले. "मी लिहीन सगळं. पण नांदेडचं ऑफिस पहिला प्रश्न विचारणार, सील कुठंय. सील नसलं तर बाकीचं ते वाचणारसुद्धा नाहीत."

"सील मंजी काय असतं?" खांबाजवळून माय म्हणाली.

"माय, तुमी नका पडू ह्यात," सटवाजी घाईने म्हणाला. त्याला घाईने काही बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

राठोड साहेबांनी बोटाने दाखवलं. "इथं एक तार असते, आजी. तिला शिशाचा मणी."

"ती व्हय," माय म्हणाली. "ती तर म्या काढली. पोळ्याला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "वेसणच ना ती ट्रॅक्टरची? पार गंजून गेल्ती. बैलायला नवी घातली, अन् ह्यानंच काय घोडं मारलं? अडकित्त्यानं तोडली अन् अंबाडीची घातली. थांबा."

ती उठून गोठ्यात गेली. आढ्याला खोचलेल्या जुन्या वेसणींच्या जुडग्यातून तिने ती तार ओढून काढली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. शिशाचा मणी धड होता, त्यावरचा नंबर धड होता. साहेबांनी पुस्तकातल्या नंबराशी ताडून बघितला, मग पंपाशी वाकून स्क्रूवरचा कारखान्याचा रंग बघितला. रंगाला चीर नव्हती. स्क्रू कधी कुणी फिरवलाच नव्हता. मग राठोड साहेब जे हसायला लागले, ते त्यांचा चष्मा तेलाच्या भांड्यात पडला. सगळं गाव हसलं. दादासुद्धा हसला. मला हसू येईना.

"मग बोलला काहून नाहीस काल?" मी सटवाजीला विचारलं. माझा आवाज अजून वरच होता, सवयीने.

"दुसऱ्याच दिशी दिसलं मला. अंबाडी तिथं जळली असती, म्हनून दिव्याला बांधली," तो म्हणाला. "म्हनलं, कंपनीचा मानूस येईल तवा सांगू, स्क्रू तर जागच्या जागी हाय. त्याच्या आत ह्ये झालं. अन् काल सांगितलं असतं, म्हातारीनं तोडली, तर तुमी काय म्हनले असते? म्हातारीवर घालून मोकळा झाला म्हनले असते. अन् वेसण म्याच म्हनलो व्हतो. मायनं माझा शबुद धरला, तिची काय चूक?"

मी तेच म्हणालो असतो. अगदी त्याच शब्दांत म्हणालो असतो. हे कळल्यावर लिंबाखाली उभं राहणं मला कठीण झालं.

राठोड साहेबांनी तिथेच बसून अहवाल लिहिला आणि त्याला सील जोडलं. सील कुणी व कशासाठी काढलं ते लिहून मायचा अंगठा घेतला. मायने अंगठा ऐटीत उमटवला, आणि महिनाभर येईल त्याला सांगितलं की कंपनीच्या कागदावर आपली सही आहे. निघताना साहेबांनी मला बाजूला घेऊन माझा अर्ज परत दिला. "हा तुमच्याकडेच असू द्या," म्हणाले. त्या दुपारी चहा आला तेव्हा ट्रेमध्ये सगळे कप सारखे होते. सटवाजीने कोनाड्याकडे बघितलं. तिथे कप नव्हता. माय म्हणाली, "घे, निवतोय." त्याने घेतला. त्यानंतर कोनाड्यात कधी कप दिसला नाही.

कंपनीने गॅरंटी मान्य केली. बेअरिंगं आणि बाकी लागणारं सामान नवं आलं, आणि संक्रांतीच्या आधी ट्रॅक्टर उभा राहिला. राठोड साहेबांनी नवी तार ओवून नवं सील ठोकलं. सटवाजीने इंजिन चालू केलं, बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ ऐकलं आणि बंद केलं. मग माझ्याकडे आला.

"नरसिंगभाऊ, साहेबाचा कागद जरा वाचून दावा. मराठीत."

मी पेटीतून अहवालाची प्रत आणली आणि वाचली. हे इंजिन कधीही मर्यादेबाहेर पळवलेलं नाही. ड्रायव्हरने ते उत्तम रीतीने सांभाळलेलं आहे. वेळीच बंद केल्यामुळे मोठं नुकसान टळलं.

"मधलं पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तो मान खाली घालून ऐकत होता, इंजिन ऐकावं तसा. मग म्हणाला, "आता तुमचा बी वाचा."

माझा अर्ज मी फाडणार होतो. दीड महिना पेटीत पडून होता आणि माझ्याच्याने फाडवला नव्हता. मी तो आणला आणि उभ्याने वाचायला लागलो. ड्रायव्हर सटवाजी याने मालकाच्या परस्पर. माझाच कागद, माझंच अक्षर, आणि दुसऱ्याच ओळीला मी अडखळलो. त्याने मला थांबवलं नाही. शेवटपर्यंत वाचावं लागलं.

"विंग्रजी चांगलं हाय तुमचं," तो म्हणाला.

"सटवाजी, चुकलो मी. माफ करा," मी म्हणालो. त्याला मी तोवर कधी 'करा' म्हणालो नव्हतो.

 मग त्याने दोन्ही कागद माझ्या हातातून घेतले, नीट घडी घातली आणि सीटखालच्या डब्यात ट्रॅक्टरच्या पुस्तकात ठेवले. "ऱ्हाऊ द्या इथंच. बाजूबाजूला," म्हणाला.

ते मला फार लागलं. पण त्याचा उपयोगही झाला. पुढे कुणावर डोळे वटारायची वेळ आली की मला सीटखालचा तो डबा दिसायचा आणि शब्द गिळला जायचा. गड्यांवर नाही, घरात नाही, बायकोवरही नाही. लोक म्हणायला लागले, लग्न झाल्यापासून नरसिंगराव निवले. बायको ते खरं मानायची, आणि मी तिला मानू दिलं. दर पोळ्याला माय ट्रॅक्टरसाठी वेसण वळायची आणि सटवाजीच्या हातात द्यायची. तो ती डाव्या दिव्याला बांधायचा. पंपाकडे ती पुन्हा गेली नाही. गेली असती तरी तो काही बोलला नसता, असं मला वाटतं.

एकोणऐंशी साली सटवाजीने काम सोडलं. पंचफुलाने आणि त्याने पै-पै जोडून ओढ्याकाठी दोन एकर रान घेतलं होतं, आणि आता त्याला स्वतःचं काही पेरायचं होतं. शेवटच्या दिवशी त्याने ट्रॅक्टर धुतला, किल्ली दादाच्या हातात दिली आणि पुस्तक माझ्या. मी ते उघडलं. राठोड साहेबांचा अहवाल होता, घडीवर पिवळा पडलेला. बाजूला काही नव्हतं.

"दुसरा कागद कुठंय?" मी विचारलं.

"तो व्हय?" तो खाकी कोट खांद्यावर टाकत म्हणाला. "तो त्याच दिशी पंचफुलानं चुलीत घातला. म्याच सांगितलं तिला. तुमी वाचला, म्या ऐकला. ठिवून काय करायचं?"

"म्हणजे इतकी वर्षं तो डब्यात नव्हताच?"

"नव्हता," सटवाजी म्हणाला. त्याने बॉनेटवर एकदा हात टेकवला, मला रामराम केला आणि ओढ्याच्या वाटेला लागला. नेहमीसारखाच, सावकाश.